सिव्हिलियन कर्मचाऱ्याची श्रद्धांजली सभा: पहिल्यांदाच जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी

खडकी, बोपोडी, दापोडी, रेंजहिल्स, घोरपडी, दिघी, देहूरोड, खडकवासला. या भागात कुठल्याही चाळीत किंवा सोसायटीत विचारा, एखादे तरी काका, मामा किंवा मावशी ‘डिफेन्स’मध्ये होत्या असं ऐकायला मिळेल. वर्दी नाही, रँक नाही, पण तीस-पस्तीस वर्षं भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर. असं माणूस गेलं की दहा-पंधरा दिवसांत ‘एक सभा घेऊ या’ असं ठरतं आणि काम नेमकं अशा कुणाच्या तरी गळ्यात पडतं ज्याने आधी हे कधी केलेलं नसतं. कधी नातू, कधी सून, कधी युनियनचा नवा सेक्रेटरी, कधी सेक्शनमधला सगळ्यांत तरुण सहकारी. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

अशा बऱ्याच सभांना मी बसलो आहे आणि काहींच्या तयारीत हातभारही लावला आहे. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. सभेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या माणसाने आयुष्यभर नेमकं काय काम केलं हे सांगता आलं पाहिजे. ‘देशसेवा केली’, ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘सर्वांना मदत करायचे’ एवढ्यावर भागवलं, तर तो माणूस फिटर होता की स्टोअरकीपर की मेसमधला कुक, हेही लोकांना कळत नाही. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घरचे कागद

सभेच्या गडबडीत घरच्यांची कामं मागे पडू देऊ नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. मृत्यू जिथे झाला त्या हद्दीत ती होते, म्हणजे पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका किंवा खडकी, पुणे, देहूरोड यांपैकी एखादं कॅन्टोन्मेंट बोर्ड. बोपोडीत राहणारा माणूस खडकी हद्दीतल्या दवाखान्यात वारला, तर नोंद खडकी कॅन्टोन्मेंटकडे असणार. हे आधीच लक्षात घेतलं की हेलपाटे वाचतात. दाखल्याच्या प्रती भरपूर काढून ठेवा.

माणूस निवृत्त असेल तर पेन्शन खात्याला लगेच कळवा. संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन पेन्शनरांची पेन्शनही आता बहुतेक ‘स्पर्श’ या प्रणालीतून येते. कुटुंबाने कळवलं नाही आणि पेन्शन जमा होत राहिली, तर ती पुढे वसूल होते आणि ज्या वयात काकूंना हिशेब नको असतो त्याच वयात तो मागे लागतो. पीपीओची (पेन्शन मंजूर झाल्याच्या आदेशाची) प्रत शोधून ठेवा, ती सभेच्या तयारीलाही लागणार आहे. सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर फॅमिली पेन्शनरच्या नावाने नवं करून घ्यावं लागतं. नोकरीत असतानाच मृत्यू झाला असेल, तर ऑफिसशी बोलण्यासाठी घरातला किंवा युनियनमधला एकच माणूस नेमा. ग्रुप इन्शुरन्स, ग्रॅच्युइटी, अनुकंपा नेमणुकीचा अर्ज हे सगळं त्याच्याच हातून जाऊ द्या. चार माणसांनी चार टेबलांवर विचारणा केली की फाइल लांबते.

तिरंगा पांघरायचा का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो आणि तो दुःखाच्या भरात निघतो. म्हणून उत्तर आधीच माहीत असू द्या. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आणि २००२ ची ध्वजसंहिता यांनुसार तिरंगा फक्त शासकीय इतमामातल्या किंवा लष्करी आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारात पांघरता येतो. सिव्हिलियन कर्मचाऱ्याच्या खासगी अंत्यसंस्कारात तो वापरता येत नाही, मग नोकरी चाळीस वर्षांची का असेना. बिगुल, सलामी, बंदुकीच्या फैरी हेही सैनिकांसाठी आहे.

घरच्यांना हे सांगताना नियम वाचून दाखवू नका. मी असं सांगतो: “तो मान त्यांचा आहे जे वर्दीत होते. काकांचा मान वेगळा आहे, तो आपण देऊ.” आणि तो खरंच देता येतो. कारखान्याच्या किंवा डेपोच्या वतीने पुष्पचक्र येऊ शकतं, त्यासाठी त्याच दिवशी सकाळी ऑफिसला फोन करायला हवा. सेक्शनची माणसं खांदा द्यायला येतात, त्यांना शिफ्टमधून सुट्टी मिळावी म्हणून सुपरवायझरशी बोला. अंत्ययात्रा फॅक्टरीच्या गेटसमोरून न्यायची घरच्यांची इच्छा असेल, तर गेटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवा. तिथे गर्दी थांबवू नका आणि मोबाइलवर फोटो काढू देऊ नका.

नेमकं काम शोधून काढा

इथे वेळ द्या. बाकी सगळं दोन संध्याकाळींत उरकेल, हे उरकू नका.

सुरुवात कागदांपासून. घरातली पत्र्याची ट्रंक किंवा कपाटाचा वरचा कप्पा उघडा. नेमणुकीचं पत्र, पीपीओ, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, ट्रेड टेस्ट (कसबाची परीक्षा) पास झाल्याचा कागद, बदलीचे आदेश, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र. पीपीओवर हुद्दा, युनिट, जन्मतारीख आणि सेवेच्या तारखा मिळतात. पगाराच्या चिठ्ठीवर टिकट नंबर किंवा टोकन नंबर (हजेरीच्या बिल्ल्यावरचा क्रमांक) असतो. जुन्या कामगारांना स्वतःचा टोकन नंबर शेवटपर्यंत तोंडपाठ असतो आणि सहकारीही कधीकधी नावाआधी नंबरानेच ओळख सांगतात. तो नंबर परिचयात जरूर घ्या. लष्करप्रमुखांचं किंवा आर्मी कमांडरचं कमेंडेशन कार्ड (प्रशस्तिपत्र) सिव्हिलियन कर्मचाऱ्यांनाही मिळतं. असं काही फ्रेम करून भिंतीवर असेल, तर त्यावरचं वर्ष आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या.

तारखा तपासायच्या दोन सोप्या खुणा सांगतो. केंद्र सरकारी कर्मचारी महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. कुणी ‘पंधरा तारखेला रिटायर झाले’ म्हणालं, तर बहुधा ती निरोप समारंभाची तारीख असते किंवा माणसाने स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते. दुसरी खूण निवृत्तीच्या वयाची. १९९८ मध्ये केंद्राने निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. कामगार वर्गात मोडणाऱ्यांना त्याआधीही ६० वर्षांपर्यंत काम करता येत होतं. त्यामुळे १९९० च्या सुमारास एक भाऊ ५८ व्या वर्षी ऑफिसमधून आणि दुसरा ६० व्या वर्षी शॉपमधून (कारखान्यातल्या कामाच्या विभागातून) निवृत्त झाला असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतं. जन्मतारीख १ जून दिसली तर घरच्यांना हळूच विचारा. त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली तारीख पुष्कळांना आयुष्यभर पुरली. कागदावरची तारीख कागदासाठी ठेवा, घरी वाढदिवस ज्या दिवशी व्हायचा ती परिचयात द्या.

आता युनिटचं नाव. पुण्यात लष्कराशी जोडलेली आस्थापनं इतकी आहेत की ‘मिलिटरीत होते’ म्हटल्याने काहीच कळत नाही. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, तिथे काडतुसं आणि दारूगोळा बनतो. शेजारची हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी १९४० ची, तिथे स्फोटकं. देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी १९८४ ची, पण देहूरोडचा ऑर्डनन्स डेपो वेगळा, तिथे सामान साठवणं आणि युनिटांना पुरवणं. ‘देहूरोडला होते’ असं कुणी म्हणालं की या दोनपैकी कुठे ते विचारलंच पाहिजे. खडकीचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप म्हणजे लोकांच्या तोंडी नुसतं ‘पाचशे बारा’, तिथे लष्करी गाड्या पूर्ण खोलून पुन्हा उभ्या करायच्या. सीएएफव्हीडी म्हणजे चिलखती वाहनांचा डेपो. एमईएस (लष्करी अभियांत्रिकी सेवा) वाल्यांकडे छावणीचं पाणी, वीज, इमारती. दापोडीला सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय), खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), वानवडीला १९४८ पासून एएफएमसी (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) आणि जवळच कमांड हॉस्पिटल. पाषाणला शस्त्रास्त्रांवर काम करणारी एआरडीई, सुतारवाडीला स्फोटक पदार्थांवरची एचईएमआरएल, दिघीला अभियांत्रिकीची आर अँड डीई या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) प्रयोगशाळा. शिवाय पगार-हिशेब बघणारं संरक्षण लेखा खातं.

नावं बदलतात, तेही पाहा. १ ऑक्टोबर २०२१ पासून या कारखान्यांचा कारभार बघणारं आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेले, त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. जो माणूस २००५ मध्ये निवृत्त झाला, त्याच्या परिचयात कंपनीचं नाव घालणं चुकीचं आहे. तो ज्या नावाखाली राबला तेच नाव लिहा.

मग हुद्द्याच्या आत शिरा. ‘लेबर म्हणून लागले आणि मास्टर क्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले’ या एका वाक्यात तीस वर्षांच्या ट्रेड टेस्ट आणि बढत्या दडलेल्या असतात, त्या क्रमाने मांडा. हुद्द्याचा अर्थही सांगा. स्फोटकांच्या कारखान्यात ‘डीबीडब्ल्यू’ म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर. ही तीन अक्षरं श्रद्धांजलीच्या बोर्डावर लिहिली तर नातवंडांना काय कळणार? म्हणून असं सांगा: हा माणूस रोज कामावर गेल्यावर घरचे कपडे उतरवून कारखान्याचे कपडे घालायचा. काडेपेटी, बिडी, अंगठी, किल्ल्या सगळं बाहेर. खिळे नसलेले बूट. ठिणगी उडू नये म्हणून हत्यारंही लोखंडाची चालत नाहीत, तांब्या-पितळेच्या जातीच्या धातूची असतात. एका इमारतीत एका वेळी किती माणसं आणि किती माल असावा याची मर्यादा ठरलेली. खोलीत धावायचं नाही, काही आपटायचं नाही. असं काम वर्षानुवर्षं केलेल्या माणसाचा घरातला संथपणा, भांडं हळू ठेवण्याची सवय, दिवाळीत फटाक्यांपासून चार हात लांब राहणं, हे सगळं ऐकणाऱ्याला मग आपोआप उमगतं.

कारकुनी कामाला कमी लेखू नका. स्टोअरमधल्या माणसाच्या नोंदीवरून एखादा सुटा भाग सीमेवरच्या युनिटला वेळेत जातो किंवा जात नाही. एमईएसच्या पंपावरच्या ऑपरेटरमुळे हॉस्पिटलला रात्री पाणी असतं. एनडीएच्या मेसमध्ये वाढणाऱ्या माणसाने पुढे जनरल झालेल्या कितीतरी पोरांना पहिल्या टर्ममध्ये रडवेल्या तोंडाने जेवताना पाहिलेलं असतं. सफाई कामगार, धोबी, माळी, दरवान, फायरमन यांच्या सभा क्वचितच होतात. माझ्या मते त्या सगळ्यांत आधी व्हायला हव्यात.

कुणाला आणि काय विचारायचं

घरच्यांना माणूस माहीत असतो, काम माहीत नसतं. स्फोटकांच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामात तर घरी बोलायचंच नाही ही शिस्त. म्हणून सहकाऱ्यांना गाठा. निवृत्त मंडळी कुठे भेटतात हे प्रत्येक भागात ठरलेलं असतं. खडकी बाजारातला चहा, रेंजहिल्सचं मैदान, पतपेढीचं ऑफिस, सीजीएचएसच्या दवाखान्यातली रांग. युनियनचे जुने पदाधिकारी हमखास कामाला येतात. खडकी हे संरक्षण कामगारांच्या चळवळीचं जुनं ठाणं. अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी फेडरेशनचं नेतृत्व एस. एम. जोशींनी केलं होतं आणि १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप इथल्या घराघरांत बोलला गेला. फार वयस्कर माणसाची सभा असेल, तर त्या संपात ते कुठे होते हे विचाराच.

‘त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगा’ असं म्हटलं की ठरलेली विशेषणं येतात. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी त्यांना कुठल्या मशीनवर उभं केलं? उस्ताद कोण होता? त्यांनी स्वतः किती पोरांना काम शिकवलं, त्यातलं आता कोण कुठे आहे? १९७१ ला किंवा कारगिलच्या वेळी शिफ्ट कशा चालायच्या, घरी कधी यायचे? डबा कुणाबरोबर खायचे? खंडेनवमीला मशीनची पूजा कोण मांडायचं? सेक्शनमध्ये अपघात झाला तेव्हा पुढे कोण धावलं? साहेबाशी कधी वाजलं का, आणि कशावरून?

एका टूलरूममधल्या निवृत्त फिटरबद्दल त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट देतो, म्हणजे कसला तपशील शोधायचा ते कळेल. नवीन पोराने घासलेला जॉब (धातूचा तुकडा) ते आधी मायक्रोमीटरला लावतच नसत. डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि “अजून दोन हात मार” म्हणायचे. मग पोराच्या हातात मायक्रोमीटर द्यायचे, “आता तूच बघ.” आकडा पोराने स्वतः वाचायचा, त्यांनी सांगायचा नाही. सभेत हे ऐकताना मागच्या रांगेतले चार-पाच जण नकळत अंगठा बोटांवर फिरवत होते. तेही त्यांच्याच हाताखालचे.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि घरातल्या बाईशी वेगळं बसून बोला. नाइट शिफ्टच्या दिवसांत लहान मुलांना गप्प कसं ठेवायचं, क्वार्टर सोडताना काय काय मागे राहिलं, ओव्हरटाइमच्या पैशांतून काय घेतलं, हे फक्त तिलाच माहीत असतं. कर्मचारी बाई असेल तर नवऱ्याला आणि मुलांना हेच विचारा: पहाटे डबे करून ती कितीची लोकल पकडायची?

काय सांगायचं नाही

१९२३ चा शासकीय गोपनीयतेचा कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. उत्पादनाचे आकडे, इमारतींची मांडणी, साठा कुठे असतो, एखाद्या मालाची कृती, सुरक्षेची पद्धत हे परिचयात, भाषणात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको. आवारात काढलेला जुना फोटो सापडला तर तो लावण्याआधी युनिटच्या ऑफिसला दाखवा. निरोप समारंभाचे आणि क्रिकेट टीमचे फोटो बहुधा चालतात, शॉपच्या आतले चालत नाहीत. घरात ओळखपत्र किंवा गेटपास राहिला असेल तर तो ऑफिसला परत करायचा असतो, फ्रेम करून लावायचा नसतो. शंका आली तर एकच कसोटी लावा: माणसाचं कसब सांगतो आहोत की कारखान्याची माहिती? कसब मोकळेपणाने सांगा.

निधन वार्ता आणि परिचय

वर्तमानपत्रातल्या निधन वार्तेला जागा थोडी असते. नात्यांची यादी लांबते आणि कामाला एक शब्द उरतो. उलट करा. नमुना असा:

“खडकी येथील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतील निवृत्त मास्टर क्राफ्ट्समन (नाव, वय) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. १९७४ पासून ३६ वर्षे त्यांनी टूलरूममध्ये काम केले आणि अनेक अप्रेंटिसना फिटर ट्रेड शिकवला. कामगार पतपेढीचे ते माजी संचालक होते. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सुना व नातवंडे असा परिवार आहे.”

सभेत वाचायचा परिचय दीड पानाच्या वर नको. ‘अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व कर्तव्यदक्ष कर्मचारी म्हणून त्यांची ख्याती होती’ असं वाक्य लिहून झालं की ते खोडा आणि त्या जागी ते ज्यावरून सिद्ध होतं ती गोष्ट घाला. ‘तपासणीत नापास झालेला लॉट साहेबांनी पुढे न्यायला सांगितला तेव्हा सही केली नाही, बदली पत्करली.’ अशी गोष्ट खरी असेल आणि सांगणारा साक्षीदार हयात असेल, तरच घाला. साहेबाचं नाव घेऊ नका.

सैनिकाची भाषा उसनी आणू नका. ‘वीर’, ‘योद्धा’, ‘शहीद’ हे शब्द इथे बसत नाहीत. कामावर असताना अपघातात मृत्यू झाला असेल, तर ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’ असं स्पष्ट लिहा.

सभेचा दिवस

धार्मिक विधी घरच्यांच्या रीतीने होऊ द्या आणि सभा त्यांच्याशी जुळवून घ्या. ओंकारेश्वराला किंवा आळंदीला दशक्रिया असेल तर त्याच दिवशी सभा नको, लोक थकलेले असतात. बौद्ध कुटुंबात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाच जोडून सभा घेतात, ते चांगलं जमतं. देहूरोडला तर बाबासाहेबांनी १९५४ मध्ये बुद्धमूर्तीची स्थापना केलेली जागा डेपोच्या कितीतरी कामगार कुटुंबांच्या जिव्हाळ्याची आहे. ख्रिस्ती घरात चर्चची प्रार्थना, मुस्लिम घरात जियारत झाल्यावर एखादा रविवार बघा. खडकीच्या आणि देहूरोडच्या सेक्शनमध्ये मराठीइतकेच तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारे सहकारी असतात. त्यांना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलू द्या, कुणी अडवू नये.

रविवारी सकाळी साडेदहाची वेळ सगळ्यांना जमते. शिफ्टवाल्यांनाही आणि लोणावळा लोकलने तळेगाव, देहूरोड, चिंचवडहून येणाऱ्यांनाही. जागा घराजवळची घ्या. जिना चढावा लागेल असा हॉल नको, कारण येणारे निम्मे लोक गुडघ्यांनी हैराण असतात. खुर्च्या वाटतात त्यापेक्षा जास्त सांगा.

युनिटला पत्र द्या. आस्थापनेच्या प्रमुखांच्या नावे, साध्या मराठीत किंवा हिंदीत: कोण गेलं, किती वर्षं कुठल्या सेक्शनमध्ये होते, सभा कधी, प्रतिनिधी पाठवावा ही विनंती. पत्र आवकमध्ये देऊन पोच घ्या आणि एक प्रत थेट सेक्शनच्या प्रमुखांना द्या. बहुतेक वेळा कुणीतरी येतं. न आल्यास त्यावर व्यासपीठावरून बोलू नका.

भाषणांचा क्रम ठरवताना मी आग्रह धरतो की पहिलं बोलणं त्यांच्या हाताखाली शिकलेल्याचं किंवा शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं असावं. साहेब आणि नगरसेवक नंतर. पहिला वक्ता सभेचा सूर लावतो. त्याने पितळी टोकनपासून सुरुवात केली तर नंतरचे सगळे कामावर बोलतात, पुढाऱ्याने ‘या ठिकाणी’ अशी सुरुवात केली तर सगळे ‘या ठिकाणी’ बोलतात. पाच-सहा वक्ते पुरेत, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, आणि हे त्यांना आधल्या रात्री फोन करून सांगा. सूत्रसंचालन करणाऱ्याने कविता म्हणू नये.

काकूंची खुर्ची पुढे, पंख्याखाली, सोबत कुणीतरी जवळचं. त्यांना बोलायचं आहे का ते आधी एकांतात विचारा. नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर माइक त्यांच्या खुर्चीपाशी न्या, त्यांना उठवू नका.

फोटोशेजारी हारांचा ढीग करण्यापेक्षा एक टेबल मांडा. त्यावर ट्रेड टेस्टचा कागद, मानपत्र, घरी वापरायची त्यांची फाइल किंवा पाना, चष्मा, पतपेढीचं पासबुक, ग्रुप फोटो. ग्रुप फोटोजवळ एक कागद आणि पेन ठेवा आणि वर लिहा: ‘यातलं कोण ओळखता?’ सभा संपल्यावर लोक त्या टेबलापाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबतात. दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण यावर वाद होतात आणि एखादं नाव विस्मरणातून वर येतं. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नंतरचं

सभेत जमलेल्या आठवणी टाइप करून आठ-दहा पानांची छोटी पुस्तिका काढता येते. छापायला हल्ली फार खर्च येत नाही आणि पीडीएफ तर फुकट. पण ती महिन्याभरात काढा, वर्षश्राद्धाला काढू म्हटलं की राहून जाते. छापण्याआधी एकदा युनिटमधल्या कुणा जबाबदार माणसाकडून वाचून घ्या.

देणगी द्यायची असेल तर ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचं नाव बहुतेक घेतात. तो निधी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहे आणि तिथे दिलेला पैसा उत्तम मार्गी लागतो. तरी कामगाराच्या नावाने काही करायचं असेल, तर मी औंधच्या आयटीआयमधल्या त्याच ट्रेडच्या विद्यार्थ्याला हत्यारांचा संच द्यावा असं सुचवेन. व्हर्नियर, फाइलचा सेट, ट्राय स्क्वेअर. संस्थेच्या प्राचार्यांना भेटून गरजू मुलगा किंवा मुलगी कोण ते विचारायचं आणि संचाबरोबर पुस्तिकेची एक प्रत द्यायची. पतपेढीत ठेव ठेवून दर वर्षी व्याजातून हे चालवता येतं.

त्यासाठी दिवसही नेमका निवडा. आयुध निर्माणीत होते तर १८ मार्च, हा ऑर्डनन्स फॅक्टरी डे. डेपोत होते तर ८ एप्रिल, एमईएसमध्ये २६ सप्टेंबर, पाचशे बारासारख्या ईएमईच्या (लष्कराच्या दुरुस्ती-यांत्रिकी शाखेच्या) वर्कशॉपमध्ये १५ ऑक्टोबर. त्या दिवशी युनिटमध्ये कार्यक्रम असतो, जुनी माणसं गेटवर जमतात, त्यामुळे वेगळं आमंत्रण करावं लागत नाही. पुस्तिकेच्या प्रती त्या वेळी वाटा. आणि ग्रुप फोटोच्या कागदावर ज्या नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिलं असेल, तो कागदही बरोबर न्या.